नाट्यप्रवर्तक विष्णुदास भावे



सोंगाचा खेळ कोणाही मुलास शिकवावा लागत नाहीं. अंगणांत काठीचा घोडा करून धांवणारा पांच वर्षांचा मुलगा स्वतःस शिपाई समजतो, आणि त्याची बहीण चिंध्यांच्या बाहुलीस निजवूं लागली कीं ती आई होते. या खेळास पुस्तक लागत नाहीं, गुरु लागत नाहीं, पैसाही लागत नाहीं. परंतु हाच खेळ दहावीस जणांनीं मिळून खेळावयाचा, त्यांत एक सलग गोष्ट असावयाची, कोणीं नुसतें उभें राहावयाचें नाहीं आणि पाहणारांसही गोडी लागावयाची, असें मनांत आणिलें म्हणजे त्यास कांहींतरी रीत बांधून घ्यावी लागते. पुढें काय घडणार हें कोणीं ठरवावें? प्रत्येकानें काय बोलावें हें आधीं लिहून द्यावें, कीं त्याच्या बुद्धीवर सोडावें? ज्यास पाठ होत नाहीं त्यास कोणतें काम द्यावें? हे प्रश्न वरवर लहान दिसतात. पण मराठी रंगभूमीचा प्रारंभ या प्रश्नांच्या उत्तरांतूनच झाला आहे. तीं उत्तरें ज्यांनीं शोधून काढिलीं, त्या विष्णुदास भावे यांचें चरित्र आज तुमच्यापुढें ठेवीत आहें.

विष्णु अमृत भावे यांचा जन्म इ. स. १८१९ च्या सुमारास झाला. पेशवाईचा शेवट होऊन तेव्हां नुकतेंच वर्ष लोटलें होतें. त्यांचे वडील अमृतराव हे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या पदरीं नोकरीस होते. सांगली हें कृष्णाकांठचें गांव. आप्पासाहेब हे जुन्या पिढींतील शूर सरदार. तलवारीचे दिवस संपल्यावर त्यांनीं आपलें लक्ष गांव वसविणें, देवालयें बांधणें व गुणी माणसांचा संग्रह करणें यांकडे लाविलें होतें. सांगलीचें प्रसिद्ध गणपतिमंदिर त्यांच्याच कारकीर्दींत उभें राहिलें. अशा धन्याच्या छत्राखालीं विष्णु लहानाचा मोठा झाला.

शाळेंतील अभ्यासापेक्षां त्याचें लक्ष दुसरीकडेच अधिक असे. मातीच्या मूर्ति करणें, लांकडाच्या बाहुल्या कोरणें, गोष्टी रचून सांगणें व कवनें करणें यांत तो रमून जाई. यावरून अभ्यास टाकावा असें मात्र कोणीं समजूं नये. हाताला जें वळण लागतें व कानाला जी लय लागते, तीही विद्याच आहे आणि तिचा उपयोग केव्हां होईल हें आधीं सांगतां येत नाहीं, एवढेंच यांतून घ्यावयाचें. मूर्ति करणारा हात, गोष्ट सांगणारी जीभ आणि पद रचणारी बुद्धि हीं तिन्हीं एके ठिकाणीं असलेला हा तरुण पुढें ज्या कामासाठीं निवडला गेला, त्या कामास नेमकीं हीं तिन्हीं लागणार होतीं.

तो प्रसंग इ. स. १८४२ सालीं आला. आजच्या कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत होन्नावरजवळ कर्की म्हणून गांव आहे. तिकडील भागवत मंडळी गांवोगांव फिरून पुराणांतील कथांचे खेळ करीत. त्यांचा एक मेळा सांगलीस आला व त्यानें आप्पासाहेबांपुढें आपले खेळ केले. भागवतानें कथा गावी, मृदंगानें साथ करावी आणि देवदैत्यांचीं सोंगें घेतलेल्यांनीं नाचावें व बोलावें, असा त्या खेळांचा थाट. आप्पासाहेबांस कल्पना आवडली, परंतु खेळांतील ओबडधोबडपणा व धांगडधिंगा आवडला नाहीं. असाच खेळ मराठींत, नीटनेटका व सभ्य रीतीनें करून दाखवितां येईल काय, असा विचार त्यांच्या मनांत आला आणि तें काम त्यांनीं आपल्या पदरच्या नोकराच्या मुलावर सोंपविलें. त्या वेळीं भाव्यांचें वय तेवीस-चोवीस वर्षांचें असेल.

या कामाची अडचण आज आपल्या लक्षांत सहज येत नाहीं. आज नाटक म्हटलें कीं छापील पुस्तक, तालीम, पडदा हें सर्व डोळ्यांपुढें उभें राहतें. भाव्यांपुढें असें कांहींच नव्हतें. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारीं सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठींत नाटकें लिहिलीं गेलीं होतीं हें आतां सर्वांस ठाऊक आहे; पण तीं दूर दक्षिणेंत राहिलीं व सांगलीच्या तरुणास त्यांचा कांहीं उपयोग झाला नाहीं. जवळ होतें तें लोकांतलें धन. हरिदासाचें कीर्तन होतें, गोंधळ्याचा गोंधळ होता, देवळांतलें लळित होतें, कोंकणांतला दशावतार होता, बहुरूप्याचीं सोंगें होतीं, तमाशा होता. आपल्या वऱ्हाडाकडचेंच सांगावयाचें तर दंडार होती. आणि यवतमाळ जिल्ह्यांतील कोलाम व गोंड बांधवांमध्यें ती आजही आहे. या प्रत्येकांत नाटकाचा एखादा अवयव होता, पण संपूर्ण देह कोठेंच नव्हता. कीर्तनांत एकच मनुष्य सर्वांचें बोलतो. बहुरूप्याजवळ सोंग आहे पण सलग कथा नाहीं. तमाशांत रंग आहे पण राजवाड्यांतील स्त्रीपुरुषांनीं एकत्र बसून पाहावा असा तो त्या काळीं समजला जात नसे.

दुसरी अडचण नटांची. नाटकांत सोंग घेणें हें प्रतिष्ठित घरांतील मुलास कमीपणाचें, अशी त्या काळची समजूत. स्त्रियांनीं रंगभूमीवर यावें हें तर कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. त्यांचीं कामें मुलांनींच करावयाचीं. जे तयार झाले त्यांतील कोणास गातां येई तर बोलतां येत नसे, कोणास बोलतां येई तर पाठांतर जमत नसे. अशा मंडळींकडून लांबलचक भाषणें घोकून घ्यावयाचीं म्हटलें असतें तर खेळ उभाच राहिला नसता.

येथेंच भाव्यांची खरी बुद्धि दिसून येते. त्यांनीं गोष्ट बांधून टाकिली आणि बोलणें मोकळें ठेविलें. सबंध कथा पदांत रचून ती सूत्रधाराच्या हातीं दिली. सूत्रधारानें टाळमृदंगाच्या साथीनें पद म्हणावें. त्या पदांत आतां कोण आला, त्याच्या मनांत काय आहे, तो काय करणार आहे हें सर्व यावें. आणि पद संपतांच त्या पात्रानें पुढें होऊन तोच भाव आपल्या स्वतःच्या शब्दांत बोलून दाखवावा. संवाद लिहिलेले नव्हते. तालमींत रोख सांगितला जाई, रीतभात शिकविली जाई. शब्द मात्र ज्याचे त्यानें आणावयाचे. एखादा नट बोलण्यांत कच्चा असला तर त्यानें दोन वाक्यें बोलून थांबावें. सूत्रधाराचें पुढचें पद त्यास सांभाळून घेई. एखादा वाक्पटु असला तर त्यानें रंग भरावा. पण त्यासही मूळ कथा सोडून भलतीकडे जातां येत नसे, कारण पुढलें पद त्यास पुन्हां वाटेवर आणी. नदीला दोन कांठ असावे आणि पाण्यानें आपल्या वेगानें वाहावें, तशी ही योजना होती.

खेळाचा आरंभही ठराविक असे. प्रथम सूत्रधारानें मंगलाचरण करावें. मग विदूषकानें येऊन त्याच्याशीं थट्टामस्करी करावी व प्रेक्षकांस हंसवावें. नंतर विघ्नहर्ता गणपति व मोरावर बसलेली सरस्वती यांचीं सोंगें येत, त्यांचें स्तवन होई, आणि मग आख्यानास सुरुवात. देव, ऋषि, राजे यांच्या भाषणांत गांभीर्य. राक्षस आला म्हणजे आरोळ्या, तलवारीचे हात व पायांचा दणदणाट. विदूषक मधून मधून सर्वत्र. नाटकमंडळींतील माणसेंही या भूमिकांप्रमाणें वांटलेलीं असत. देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी हे शब्द मराठी नाटकवाल्यांच्या तोंडीं पुढें कितीतरी वर्षें होते. ज्याचा आवाज दणदणीत व अंग भरदार त्यानें राक्षस व्हावें. ज्याची वाणी सौम्य त्यानें ऋषि व्हावें. ज्याचा चेहरा नाजूक व गळा गोड त्यानें स्त्रीभूमिका घ्यावी. ज्यास गंभीर राहतांच येत नाहीं त्यानें विदूषक व्हावें. अशा वांटणीनें कोणाचा गुण वायां जात नसे व कोणाचा दोष उघडा पडत नसे.

सोंगें, मुकुट, आयुधें, दागिने हेंही सर्व तयार करावयाचें होतें. लहानपणीं मातीलांकडांत खेळलेले हात येथें कामीं आले. पदें भाव्यांचीं, चाली बसविणें भाव्यांचें, नटांस शिकविणें भाव्यांचें, साहित्य जमविणेंही भाव्यांचेंच. अशा रीतीनें वर्षभराच्या खटपटीनंतर ‘सीतास्वयंवर’ हें आख्यान सिद्ध झालें आणि इ. स. १८४३ सालीं सांगलीच्या राजवाड्यांत आप्पासाहेबांपुढें त्याचा प्रयोग झाला. त्या प्रयोगाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. कथा सर्वांच्या ओळखीची. जनकाची सभा, शिवधनुष्य, रावणाचा गर्व व त्याची फजिती, रामानें केलेला धनुष्यभंग हें सर्व प्रेक्षकांनीं कीर्तनांत अनेकदां ऐकिलें होतें. पण ऐकलेलें डोळ्यांपुढें बोलतांचालतां दिसण्याची ती नवलाई कांहीं निराळीच. राजेसाहेब प्रसन्न झाले व त्यांच्या प्रोत्साहनानें भाव्यांनीं रामायण-महाभारतांतील एकामागून एक आख्यानें रचून बसविलीं.

हे सुखाचे दिवस आठच वर्षें टिकले. इ. स. १८५१ सालीं आप्पासाहेबांचा अंत झाला आणि दरबारचा आश्रय तुटला. राजाश्रयावर वाढलेली कला राजा गेल्यावर बहुधा त्याच्याबरोबरच जाते. भाव्यांपुढें दोन वाटा होत्या. मंडळी मोडून टाकावी व दुसरी एखादी नोकरी पाहावी ही एक. आणि इतक्या माणसांचा संसार पाठीवर घेऊन अनोळखी गांवीं जावें, तेथें लोकांच्या आवडीवर पोट भरावें ही दुसरी. त्यांनीं दुसरी पत्करिली. तेव्हां या भागांत आगगाडी नव्हती, पक्क्या सडकाही थोड्याच होत्या. बैलगाड्यांवर पेट्या लादून, पावसाळ्यांत थांबून, उन्हाळ्यांत चालून ही मंडळी गांवामागून गांव करीत निघाली. सांगलीच्या राजवाड्यांत ज्या खेळाला एकच यजमान होता, त्याला आतां शेंकडों यजमान मिळवावयाचे होते.

इ. स. १८५३ सालीं भावे आपली मंडळी घेऊन मुंबईस आले. मुंबई हें तेव्हांही अनेक भाषांचें, अनेक धर्मांचें व व्यापाराचें शहर. ग्रँट रोडवर नाटकगृह उभें होतें. त्याची जागा नाना जगन्नाथ शंकरशेट यांनीं दिली होती. पण तेथें मुख्यतः इंग्रजी नाटकें होत. त्या रंगमंचावर भाव्यांच्या मंडळीनें तिकिटें लावून मराठी खेळ केले. पैसे देऊन तिकीट काढावें व कोणाही जातीच्या मनुष्यानें शेजारीं बसून मराठी नाटक पाहावें, ही गोष्ट त्या काळीं अगदीं नवी होती. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या विद्वान व वजनदार गृहस्थांनीं त्यांस उत्तेजन दिलें. त्याच वर्षीं पारशी लोकांची नाटकमंडळीही मुंबईंत उभी राहिली. मराठी न समजणारा प्रेक्षकवर्ग मोठा आहे हें भाव्यांनीं ओळखिलें व त्या सुमारास ‘राजा गोपीचंद’ हा खेळ हिंदुस्थानी भाषेंत करून दाखविला. सांगलीच्या मनुष्यानें मुंबईंत जाऊन हिंदींत नाटक करावें, यांत त्याची हिंमत जितकी दिसते तितकीच समोर बसलेला समाज ओळखण्याची त्याची दृष्टिही दिसते.

भाव्यांचें पाहून दुसऱ्या मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर अशा गांवांच्या नांवांनीं त्या प्रसिद्ध झाल्या, आणि थोड्याच वर्षांत महाराष्ट्रभर नाटकें होऊं लागलीं. भाव्यांची रीत उचलण्यास सोपी होती हेंच याचें कारण. एक चांगला सूत्रधार, थोडे वाद्यवाले व बोलणारी धीट माणसें मिळालीं कीं मंडळी उभी राही. पुस्तकांची गरज नव्हती व सर्व नटांस अक्षरओळख असलीच पाहिजे असेंही नव्हतें.

परंतु या सोपेपणांतच पुढील दोषाचें बीज होतें. जेथें सूत्रधार जाणता होता तेथें खेळ रंगे. जेथें तो कच्चा निघाला तेथें नट वाटेल तें बोलूं लागले, राक्षसांच्या आरोळ्या वाढल्या, विदूषकाचा चावटपणा वाढला आणि कथा मागें पडली. इंग्रजी शिक्षण घेऊन शेक्सपियर व कालिदास वाचलेली नवी पिढी या खेळांस ‘अललडुर्र’ नाटकें म्हणून हंसूं लागली. राक्षसाच्या प्रवेशाची ती आरोळी, तीच नाटकांच्या अख्ख्या जातीस नांव म्हणून चिकटली. इ. स. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें संवाद लिहिलेलें नाटक रचिलें होतें. पुढें १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ हें नाटक आलें. त्यांतील प्रत्येक पात्राचें प्रत्येक भाषण लिहिलेलें होतें. अशा नाटकांस लोक ‘बुकिश’ नाटकें म्हणत. आणि १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें, त्यांत लिहिलेले संवादही होते व पात्रें स्वतः गातही होतीं. सूत्रधारानें सर्वांच्या वतीनें गावयाची रीत त्यामुळें मागें पडली.

भावे हे सर्व पाहावयास जिवंत होते. १८६० नंतर थोड्याच वर्षांत त्यांनीं फिरत्या मंडळीचें काम सोडिलें व ते सांगलीस राहिले. ज्याच्या झाडाला फळें आलीं त्यानेंच तें झाड जुनें झालें म्हणून लोकांच्या तोंडून ऐकावें, ही स्थिति मानी मनुष्यास फार कठीण वाटते. कित्येक जण अशा वेळीं नव्या पिढीस दोष देत बसतात. भाव्यांनीं पुन्हां हातांत लांकूड घेतलें. हातपाय हलविणाऱ्या सुबक लांकडी बाहुल्या त्यांनीं तयार केल्या. रामायणांतील पात्रें त्या बाहुल्यांत उतरविलीं. त्यांतील कित्येक बाहुल्या काळाच्या तडाख्यांतून वांचल्या आणि विसाव्या शतकांत प्रसिद्ध बाहुलीकार रामदास पाध्ये यांनीं त्या दुरुस्त करून पुन्हां लोकांपुढें आणिल्या. इ. स. १८८५ सालीं भाव्यांनीं आपलीं आख्यानें ‘नाट्यकवितासंग्रह’ या नांवानें छापून प्रसिद्ध केलीं. पन्नासांहून अधिक आख्यानांचा हा संग्रह आहे. त्यांत नटांचीं भाषणें अर्थातच नाहींत, कारण तीं कधीं लिहिलींच नव्हतीं. ज्या रात्रीं बोललीं गेलीं त्या रात्रींच तीं विरलीं. ९ ऑगस्ट १९०१ रोजीं विष्णुदास भावे निवर्तले. सांगलींतील नाट्यगृहास त्यांचें नांव आहे आणि त्यांच्या नांवाचें गौरवपदक श्रेष्ठ रंगकर्मींस दिलें जातें.

आतां या चरित्राचा आपल्याशीं संबंध काय तें पाहूं.

अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा एक खेळ काढिला. प्रशियाच्या सैन्यांतील अधिकारी एकोणिसाव्या शतकांत नकाशावर लुटुपुटीच्या लढाया खेळत. त्या परंपरेंतून हा खेळ निघाला. आपल्या पुण्यामुंबईच्या तरुणांतही आतां तो खेळला जातो. चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होऊन आपण काय करतों तें आपल्या शब्दांत सांगतात. कठीण प्रसंगीं अनेक पैलूंचे फांसे टाकून यशापयश ठरवितात. हें वर्णन ऐकून तुम्हांस भाव्यांचा सूत्रधार आठवला नाहीं काय? त्या खेळाच्या कर्त्यांस सांगलीची वार्ताही नसेल. तरी एकानें गोष्ट धरावी व इतरांनीं आपल्या बुद्धीनें बोलावें, ही तोड दोन्हीं ठिकाणीं एकच निघाली. फरक एवढाच कीं भाव्यांच्या खेळांत शेवट ठरलेला असे, धनुष्य रामच मोडणार. आणि मेजावरच्या खेळांत शेवट कोणासच ठाऊक नसतो.

अशा खेळांच्या आतां अनेक पद्धति निघाल्या आहेत, आणि त्यांतील कोणती चांगली असा वाद मुलें घालीत असतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्यें खेळणाऱ्याच्या एका पुस्तकाचींच पानें तीनशेंहून अधिक आहेत. १९८१ सालचा ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा खेळ निराळा. त्यांत लढाईपेक्षां गूढ शोधून काढण्यास महत्त्व, व पात्रें तुमच्याआमच्यासारखीं साधीं माणसें. २००९ सालीं निघालेल्या ‘फियास्को’ या खेळांत तर सूत्रधारच नाहीं. सर्वांनीं मिळून गोष्ट रचावयाची. यांपैकीं कोणता श्रेष्ठ, हा प्रश्नच भाव्यांच्या चरित्राकडे पाहतां चुकीचा ठरतो. मंडळी कोणती आहे हें आधीं विचारावें, आणि मग रीत निवडावी.

सात-आठ वर्षांचीं मुलें असतील तर त्यांस फार नियम देऊं नयेत. त्यांच्यासाठीं बाहुल्यांचा खेळ उत्तम, कारण तेथें सांगणारा एकच व मुलांनीं मधून मधून उत्तर द्यावयाचें. चार मित्र आहेत, हिशेबाची व नियमांची आवड आहे, सुटीचे दिवस आहेत, तर जाड पुस्तकाचा व फांशांचा खेळही त्यांस गोड लागेल. पण चाळीस मुलांच्या वर्गास तो निरुपयोगी, कारण पांच खेळतील व पस्तीस कंटाळतील. कोडें सोडविण्याची हौस असणाऱ्यांस शोधाची गोष्ट द्यावी. एकमेकांस चांगले ओळखणारे, एकमेकांचा मान राखणारे असे थोडे जण असतील तर सूत्रधारावांचूनही चालेल. नवखी मंडळी असेल तर सूत्रधार अवश्य हवा, नाहींतर जो मोठ्यानें ओरडतो त्याचेंच राज्य होतें. वाचनाचें वळण लागलेलीं व पाठांतरास न भिणारीं मुलें असतील तर लिहिलेलें नाटक त्यांनीं अवश्य बसवावें. भाषेचें सौंदर्य त्यांतच पूर्ण उतरतें. आणि जेथें सर्व तऱ्हेचीं मुलें एकत्र आहेत, कोणी बोलकीं, कोणी मुखदुर्बळ, कोणी पुस्तकांत हुशार, कोणी अक्षरास अडखळणारीं, तेथें भाव्यांची जुनी रीतच पुन्हां कामाला येते.

शेवटली गोष्ट मी मुद्दाम विस्तारानें सांगत आहें, आणि ती पालकांनींही ऐकावी अशी इच्छा आहे. स्नेहसंमेलनाच्या वेळीं शाळाशाळांतून नाटकें होतात. कामें कोणास मिळतात? बहुधा ज्यांस भाषणें लवकर पाठ होतात त्यांस. उरलेले पडदा ओढतात, नाहींतर प्रेक्षकांत बसतात. त्यांत असा एखादा मुलगा असतो, ज्याच्या घरीं पुस्तक नाहीं, ज्यास परीक्षेंत ओळी आठवत नाहींत. पण तोच पोळ्याच्या दिवशीं गांवांत अशी गंमत सांगतो कीं म्हातारीं माणसें हंसून लोळतात. त्याच्या मुलुखाची दंडार त्याच्या रक्तांत असते. लिहिलेल्या कागदावर आपण त्यास मोजतों व अपुरा ठरवितों. भाव्यांनीं आपल्या मंडळींस कागदावर मोजलें असतें तर सीतास्वयंवर कधींच झालें नसतें. त्यांनीं गोष्ट आपल्या हातीं घट्ट धरली व शब्द त्यांच्यावर सोंपविले. आणि ज्यांस कोणी नट म्हणण्यास तयार नव्हतें त्या माणसांनीं एका भाषेची रंगभूमि उभी केली.

याचा अर्थ मोकळें सोडणें म्हणजे दुर्लक्ष करणें असा नव्हे. अललडुर्र नाटकांची जी दुर्दशा झाली ती आपण वर पाहिली. सूत्रधार झोंपला कीं राक्षस माजतात. ज्यास इतरांवर विश्वास टाकावयाचा आहे त्यानें स्वतः दुप्पट जागें राहिलें पाहिजे. नटांनीं चार वाक्यें आपल्या मनानें बोलावीं म्हणून भाव्यांनीं पन्नासांवर आख्यानांचीं पदें रचिलीं, हें प्रमाण शिक्षकांनीं, आईबापांनीं व वर्गनायकांनींही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

राजाचा आश्रय मिळाला तेव्हां ज्यानें आळस केला नाहीं, तो गेला तेव्हां ज्यानें धीर सोडला नाहीं, आणि काळ पुढें गेला तेव्हां ज्यानें कुरकुर न करितां पुन्हां हातीं लांकूड घेतलें, त्या पुरुषाचें स्मरण ५ नोव्हेंबरला मराठी माणसें करितात. आपणही यंदा तें करूं या. वर्गांत एक गोष्ट निवडा, एक सूत्रधार निवडा, आणि आजवर ज्यांस कधीं काम मिळालें नाहीं त्यांस प्रथम पुढें बोलवा. ते काय बोलतात तें ऐका. कदाचित् तुमच्याच बांकावर, तुमच्याच शेजारीं, एखादा विष्णु मातीचें चित्र करीत बसलेला असेल.